भिंतीपलीकडच्या बाई

"व्हायरल आहे," असं कुणी म्हटलं की आमच्या शेजारच्या बाई लगेच विचारायच्या, "कुठला?" बोरीवलीच्या एका कॉलेजात त्यांनी आयुष्यभर जीवशास्त्र शिकवलं होतं. वर्ग सुटला, शिकवणं सुटलं नाही. लिफ्टची वाट बघताना त्या मला सांगायच्या, की विषाणू खात नाही, श्वास घेत नाही, एकटा असला की नुसता कणासारखा पडून असतो. जिवंत पेशीत शिरला की मात्र तिलाच राबवून स्वतःच्या प्रती काढून घेतो. "आणि शेवटी बिचारी पेशी फुटते," हे म्हणताना त्यांना खरंच पेशीची दया येत असे.

त्यांची मुलगी तनुजा पहिल्या बाळंतपणासाठी नाशिकहून माहेरी आली आणि थोड्याच दिवसांत बाईंच्या डाव्या बाजूला, पाठीपासून छातीपर्यंत, पाण्याने भरलेल्या फोडांचा पट्टा उठला. नागीण. तिचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस जातो, हे मी लहानपणापासून ऐकलेलं, म्हणून घाबरले. बाईंनी शांतपणे समजावलं. लहानपणच्या कांजिण्या बऱ्या होतात, पण त्यांचा विषाणू मज्जातंतूच्या मुळाशी वर्षानुवर्षं दडून राहतो आणि अंगातली ताकद कमी झाली की त्याच वाटेने बाहेर येतो. स्वतःची त्यांना भीती नव्हती. तनुजाला कांजिण्या कधी आल्याच नव्हत्या. फोडांतल्या पाण्यातून तिला त्या आल्या असत्या तर पोटातल्या बाळालाही धोका होता.

त्यांचं घर एका बेडरूमचं, बाथरूम एकच. मला कांजिण्या येऊन गेलेल्या. त्याच संध्याकाळी बाई एक पिशवी घेऊन माझ्या आतल्या खोलीत आल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं.

त्या खोलीत आणि तनुजाच्या खोलीत एकच भिंत. पंख्याचा वारा लागला तरी बाईंच्या अंगाची आग व्हायची. ब्लाउज घालवत नव्हता; धुवट साडी नुसती पांघरून बसायच्या. पलीकडे भांडं पडलं की मला बघून यायला सांगायच्या आणि हात साबणाने धुतले का, ते आधी विचारायच्या. फोनवर तनुजाला सांगायच्या, मी झकास आहे. फोन ठेवला की उशीत तोंड खुपसायच्या.

एका दुपारी भिंतीपलीकडून कण्हणं ऐकू आलं. दिवस भरायला अवकाश होता, पण कळा सुरू झाल्या होत्या. मी तनुजाला धरून बाहेर आणलं. बाई माझ्या दारात चौकट घट्ट धरून उभ्या होत्या.

"आई, नुसता हात धर ना," तनुजा म्हणाली.

बाईंनी मान हलवली. "फोड वाळले नाहीत गं अजून. विषाणूला आई-मुलगी कळत नाही. जा तू."

मुलगी झाली, दोघी सुखरूप. फोडांवर खपल्या धरल्या आणि डॉक्टर हो म्हणाले, तेव्हाच बाईंनी नात पाहिली. पण नागीण गेली तरी आग गेली नाही. तंतू दुखावला तो दुखावलाच. पहाटे नॅशनल पार्कात फिरणाऱ्या बाई, कुणाचा धक्का लागेल म्हणून जिनाही उतरेनाशा झाल्या. एकदा मी म्हटलं, त्या दुपारी हात धरला असता तर कदाचित काही झालंही नसतं.

"कदाचित," त्या म्हणाल्या. "पण ते कदाचित तिला भोगावं लागलं असतं, मला नाही."

शेवटी तनुजा त्यांना नाशिकला घेऊन गेली. निघताना नात त्यांच्या छातीला डाव्या बाजूने बिलगून झोपली होती. बाईंचा चेहरा पांढराफटक पडलेला पाहून मी बाळाला घ्यायला हात पुढे केले.

"राहू दे," त्या हळूच म्हणाल्या. "आत्ताच झोपलीय."