एकोणचाळीस फूट दहा इंच

संयोगिता ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर बसते. पगारासाठी ती आमचं काम करते, पण जीव लावून करते ते दुसरंच. एका मुक्त प्रोग्रॅमिंग भाषेसाठी तिनं ‘माप’ नावाची लायब्ररी लिहिलीय. फूट, मीटर, लिटर, क्विंटल, कसलंही माप बदलून देणारा हा आयता कोड कुणीही फुकट वापरावा. वापरतातही, पार फिनलंडपर्यंत. कोल्हापुरात मात्र तिला ‘कॉम्प्युटर दुरुस्त करतीस न्हवं?’ एवढंच विचारतात.

तिचा हट्ट एकच, वापरणाऱ्याला कमीत कमी लिहावं लागावं. फूट म्हणायचं, कंसात आकडा टाकायचा, संपलं. कुणी तक्रार केली तर बाईंचं उत्तर ठरलेलं, ‘माहितीपुस्तिका वाचा, प्रकरण चार.’ मी तिला उंटावरची शहाणी म्हणायचो.

गेल्या वर्षीच्या पुरात या सुटसुटीतपणाचा फटका तिच्या पिराजीमामांना बसला. मामांचा गोठा शिरोळकडं, नदीकाठी. आठ म्हशी. बंधाऱ्यावरची पातळी गावातला एकजण दर दोन तासांनी फोनच्या ग्रुपवर टाकतो. मामांच्या मुलानं, आदर्शनं, ‘माप’ वापरून छोटा प्रोग्रॅम केला होता. पाणी एकोणचाळीस फूट नऊ इंचांवर गेलं की मामांचा फोन वाजणार, मग म्हशी हलवायच्या.

आता आपल्याकडं एकोणचाळीस फूट दहा इंच कसं लिहितात? ३९.१०. सगळा गाव तसंच लिहितो, आदर्शनंही इशाऱ्याची पातळी ३९.९ अशीच भरलेली. पण कॉम्प्युटरच्या लेखी ते एकोणचाळीस फूट आणि वर जेमतेम सव्वा इंच. सकाळी दहाला ३९.८ होतं, बाराच्या नोंदीत थेट ३९.१० झालं. पाणी दोन इंच चढलं आणि यंत्राला वाटलं, उतरलं. मामा फोनच्या भरवशावर जयसिंगपूरला पेंड आणायला गेलेले. परतले तेव्हा मामी कमरेभर पाण्यात उभ्या राहून म्हशींची दावी कापत होत्या. सगळे वाचले, पण थोडक्यात.

संयोगिता भेटायला गेली तेव्हा गाडी मीच चालवत होतो. तिथंही हिचं सुरू, ‘मामा, पुस्तिकेत स्पष्ट लिहिलंय...’

मामा शांतपणे म्हणाले, ‘पोरी, तुझं पुस्तक वाचत बसायचं का म्हसरं सोडायची?’

येताना जयसिंगपूर मागं पडलं. मग ती म्हणाली, ‘आदर्श चुकला नाही. त्यानं गावासारखं लिहिलं. विचारायला हवं होतं ते माझ्या कोडनं.’

आठवड्याभरात तिनं बदल मांडला. फूट वेगळे द्यायचे, इंच वेगळे. दशांशच हवा असेल तर तसं सांगायचं, नाहीतर प्रोग्रॅम थांबून विचारणार, ‘इंच किती?’ झालं, जगभरातून ओरड. हजारोंचे चालू प्रोग्रॅम बंद पडणार. ‘एका खेड्याच्या सवयीसाठी?’ असंही एकानं लिहिलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती मात्र भांडली नाही. मामींची हकीकत तिनं जशी घडली तशी लिहून टाकली. दोन महिने वाद चालला, मग बदल मान्य झाला. आदर्शनंही आपला प्रोग्रॅम त्याप्रमाणं सुधारून घेतला.

यंदा जुलैत पाणी पुन्हा चढलं. दिवसभर संयोगिताचं कामात लक्ष नव्हतं. चारच्या सुमारास मामांचा फोन आला.

‘व्हय गं, वाजला फोन. म्हसरं शाळंच्या पटांगणात बांधल्यात. मामी च्या कराय लागलीया.’

संयोगिता ‘बरं’ म्हणाली, फोन ठेवला आणि सगळ्या ऑफिसादेखत हमसून हमसून रडली.