पापणीवरचा वर्ख

डिस्को मुंबईत कुणी आणला असेल तो असो, बुलढाणा जिल्ह्यात तो माझ्या धाकट्या काकूने आणला, आणि तोही पायात किंवा कमरेत नव्हे, थेट पापण्यांवर. याबद्दल आमच्या अमडापुरात आजही दुमत नाही. सकाळी काकू सडा घालायला अंगणात यायची तेव्हा तिच्या पापण्या निळ्या असायच्या, गाल लालभडक असायचे आणि कपाळावर, कुंकवाच्या जरा वर, एक चकचकीत पट्टी बांधलेली असायची. रात्री ओल्या केसांच्या बारीक बारीक वेण्या घालून झोपायचं आणि सकाळी त्या सोडायच्या, असा तिचा नेम होता; त्यामुळे डोक्याचा घेर दारात मावायचा नाही. अशा थाटात ती शेण कालवायची, म्हशीची धार काढायची आणि भाकरीचं गाठोडं घेऊन वावरात जायची. लोक हसायचे. काकूला वाटायचं, लोक आपल्यावर खूश आहेत, आणि खरं सांगायचं तर ते होतेही. काका अबोल माणूस. पारावर कुणी फारच छेडलं तर म्हणायचे, “ते वावरात गेली का जवारीवर पाखरू बसत नाई. गोफन सोडून देल्ली म्या.” हे काकूच्या कानावर गेलं, तेव्हा नवऱ्याने आपलं कौतुक केलं म्हणून ती दिवसभर खुशीत होती.

काकू खामगावची, म्हणजे चांदीच्या गावची. चकाकणाऱ्या वस्तूपुढे तिचा जीव मुळातच पातळ व्हायचा. त्यात एका हिवाळ्यात गावाबाहेरच्या पटांगणात तंबूची टॉकीज आली आणि एका सिनेमात फिरत्या दिव्यांखाली नाचणारी, नखशिखांत रुपेरी नायिका काकूने पाहिली. खेळ गावात होता तोवर काकू रोज संध्याकाळी तिकडेच. तंबू उठायच्या दिवशी तिने तंबूवाल्याला टोपलीभर वांगी देऊन त्या सिनेमाचं पोस्टर मागून आणलं आणि आपल्या खोलीच्या दाराला आतून डकवलं. पुढची सगळी विद्या ती त्या पोस्टरकडून शिकली. आता घोटाळा असा होता की पोस्टर स्वस्तातल्या छपाईचं होतं आणि त्यातले रंग आपापल्या जागेवरून सरकले होते. पापणीचा निळा भुवईच्या वर चढला होता, गालाची लाली कानाकडे निघाली होती आणि ओठांचा रंग हनुवटीवर उतरला होता. काकूने हे सगळं जसंच्या तसं उचललं. मी एकदा धीर करून म्हटलं, “काकू, हे छापताना सरकलंय वं.” काकूने माझ्याकडे दयेने पाहिलं. “छापनारे काय येडे हायेत? एक चुकलं असतं तं मानलं असतं. गावभर लागले होते, साऱ्याईत असंच होतं. मंग साऱ्याईत चुकलं काय?” 

सामानाचं म्हणाल तर दुकानातल्या मेकअपचं असं काही नव्हतं. कपड्यांना घालायची नीळ व्हॅसलिनमध्ये घोटली की पापण्यांचा रंग झाला. कुंकू तुपात कालवलं की लाली. काजळ घरचंच. आणि या सगळ्यावर शेवटचा हात म्हणून वर्ख, बर्फीवर लावतात तो, चांदीचा. चिखलीच्या बाजारात एक म्हातारे चाचा वर्ख विकायला बसत. काकू दर बाजाराला वर्ख नेते हे पाहून त्यांना राहवेना. “भाभी, हर हफ्ते वर्ख? मिठाई की दुकान डाले क्या?” काकू म्हणाली, “मिठाई नई चाचा, पोरी सजवाच्या हायेत.” चाचांनी पुडीत एक पान जास्तीचं घातलं.

पण पोरी मिळत कुठे होत्या? काकूची एकच इच्छा होती. एक, फक्त एक नवरी आपल्या हातून सजावी. गावात लग्नं मोप होत, पण काकू वर्खाची पुडी पदराला बांधून मांडवात शिरली की नवरीची आई नवरीला घेऊन आतल्या खोलीत जाई आणि कडी लावी. मग काकूने हाताची सवय जायला नको म्हणून जो सापडेल त्याला धरलं. मी तर घरचीच. माझ्या पापण्यांवर नीळ किती वेळा चढली याची गणती नाही. एका पोळ्याला तिने काकांच्या बैलांना धरलं. सगळ्यांच्या बैलांच्या शिंगांना बेगड होती, आमच्या बैलांच्या पापण्यांनाही होती. वर निळं, गालाला लाल. तोरणाखाली बैलांची रांग लागली, तेव्हा आमची जोडी आपल्याच झोकात उभी होती आणि पाटलांनी हसत हसत पहिला नारळ काकांच्या हातात दिला. काका नारळ घेऊन खाली मान घालून घरी आले. काकू दारातच उभी होती. म्हणाली, “नवरी नाई भेटत, तं बैल तं बैल. पन नंबर आला का नाई?”

आणि मग आमच्या ताईचं लग्न ठरलं.

ताई माझी मोठी बहीण. लहानपणी तिला देवी आल्या होत्या. जिवावरचं निभावलं, पण दोन्ही गालांवर खोल व्रण राहिले. कुणी तिला त्यावरून बोललं असंही नाही, पण ताई मान वर करायचीच विसरली. विहिरीवर, देवळात, वर्गात, सगळीकडे ती पायाच्या अंगठ्याशी बोलायची. धामणगाव बढ्याचं स्थळ चांगलं होतं. भुसार मालाचं दुकान, माणसं साधी. बाबांनी त्यांना व्रणांचं आधीच सांगितलं होतं आणि ती मंडळी “आमाले मानूस पायजे” म्हणाली होती. पण पाहण्याच्या दिवशी ताईने मान इतकी खाली घातली होती की नवऱ्या मुलाने तिचा चेहरा पाहिलाच नव्हता. लग्न जवळ आलं तशी ताई जेवेनाशी झाली. दळण निवडताना एकदा मला म्हणाली, “सांगतलेलं येगळं अन पाह्यलेलं येगळं. अंतरपाट खाली येईन, तवा ते मले पयल्यांदा पायतीन. साऱ्याईच्या समोर. त्याईचं तोंड पडलं तं मी कुठं पाहू?”

काकूने त्याच आठवड्यात आईकडे अर्ज केला. आईने पोळपाटावरून नजरही न उचलता तो फेटाळला. “बैल सजवले तेवढे पुरे. माह्या पोरीचा पोया नको करू.” काकू गेली, पण आमच्या घरातून नव्हे, फक्त दुसऱ्या खोलीत.

लग्न गोरज मुहूर्तावर होतं. दुपारपासून आई स्वतः ताईच्या गालांवर पावडर थापत होती. थर वाळला की भेगा पडत, भेगांवर दुसरा थर. ताईच्या डोळ्यांतून पाणी येई आणि थरातून ओघळ जाई. काकू दारात उभी राहून हे पाहत होती. शेवटी तिला सहन झालं नाही. “मोठ्याबाई, पोरगी हाय का घराची भीत हाय? काऊन चुना फासून राह्यल्या?” आई चिडून काही बोलणार, तेवढ्यात ताई म्हणाली, “आई, काकूलेच करू दे.” ताईने स्वतःहून काही मागितल्याचं आम्ही कधी ऐकलं नव्हतं. आईचा हात पावडरीच्या डब्यातच राहिला.

काकूने आधी ताईचा चेहरा पाण्याने स्वच्छ धुतला आणि आम्हाला वाटलं होतं त्याच्या उलट केलं. व्रणांना तिने हातही लावला नाही. म्हणाली, “डोये असे करतो का गालाकडं कोनाचं ध्यानच नाई जात.” गालांवर फक्त लालीचं एक बोट फिरवलं, अर्थातच कानाकडे सरकवून. मग पापण्यांवर नीळ. आणि तिथे ती चुकली. ताईला दोन दिवस हळद लागत होती, पापण्या पिवळ्याधमक झाल्या होत्या. पिवळ्यावर निळं चढलं आणि बघता बघता पापण्या हिरव्यागार झाल्या. खोलीतल्या बायकांनी पदर तोंडाला लावले. आई मटकन खाली बसली. काकूचा हात थबकला. इतक्या वर्षांत तिला गोंधळलेली मी तेव्हाच पाहिली. पण ते क्षणभरच. “मंग?” ती सगळ्यांकडे वळून म्हणाली. “नवरीच्या हातात हिरवा चुडा चालते, ते शुभ. मंग डोयाले हिरवं काऊन नाई चालत?” या मुद्द्यावर शास्त्र कुणालाच ठाऊक नव्हतं. काकूने त्या हिरव्यावर वर्खाचं पान अलगद टेकवलं, फुंकर मारायलाही भिऊन, आणि हुकूम सोडला, “आता मान खाली नाई घालाची. घातली का घाम येते अन वर्ख डोयात जाते. लगन लागेपावतो समोर पाहाचं, समजलं?”

ताईने मान डोलावली. डोलावतानाही मान वरच होती.

मांडवात गॅसबत्त्या लागल्या होत्या. मंगलाष्टकं संपली, अक्षता पडल्या, अंतरपाट खाली आला. ताई समोर पाहत होती. मुंडावळ्यांच्या मधून तिचा सगळा चेहरा उजेडात होता, व्रणांसकट, आणि पापण्या लवल्या की त्यांच्यावर हिरवी चांदी चमकत होती. नवरदेव पाहतच राहिले. भटजी म्हणाले, “हार घाला.” नवरदेव पाहत होते. भटजी पुन्हा म्हणाले, “हार घाला, मंग पाहा जन्मभर,” तेव्हा मांडवात हशा पिकला आणि नवरदेवांनी हार घातला. ताई हसली. समोर बघून हसली.

मग ताईची सासू पुढे आली. तिने ताईचा चेहरा जवळून न्याहाळला आणि कानाकडे सरकलेली लाली पदराने पुसून टाकली. “इकडं सांडलं व्हय हे, माय.” काकूने ओठ घट्ट मिटून घेतले, तिच्या कलेचा एवढा अपमान कुणी केला नव्हता. पण सासूबाईंचा हात तिथेच ताईच्या गालावर राहिला, व्रणांवरून एकदा फिरला, आणि काकू हळूच मागे सरली.

पाठवणीच्या वेळी आम्ही सगळे रडत होतो. ताई आईच्या गळ्यात पडली, माझ्या पडली, आणि मग तिने काकूला शोधलं. काकू मांडवाच्या खांबाआड होती. सकाळचे रंग लग्नघराच्या धावपळीत घामाने उतरले होते आणि ताईचा चेहरा करता करता तिचा स्वतःचा पुन्हा करायचा राहून गेला होता. ना निळं, ना लाल, ना पट्टी. एवढ्या वऱ्हाडासमोर उघड्या तोंडाने कसं यायचं म्हणून तिने पदर पुढे ओढला होता आणि मान खाली घातली होती. ताईला समोर पाहून जमिनीकडेच बघत म्हणाली, “जाय माय आता. लगन लागलं. आता मान खाली घातली तरी चालते.”

ताईने तिच्या हनुवटीखाली बोटं धरली.

“तू वर कर, काकू,” ती म्हणाली. “मले पाहू दे.”

काकूने मान वर केली. सावळा, साधा, रडून सुजलेला चेहरा. आज काकू नाही, आणि तिच्या त्या सगळ्या रंगांची आठवण काढून आम्ही अजूनही पोट धरून हसतो. पण डोळे मिटले की मला तिचा तो एकच चेहरा दिसतो, काही न लावलेला.