उद्घाटन होईपर्यंत बंद

आमचा वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला तेव्हा मी शाळेतून निवृत्त होऊन घरी होते. गावातले तिघे कारभारी एका रविवारी आमच्या बाल्कांवावर, दारापुढच्या ओट्यावर, येऊन बसले आणि माझ्या नवऱ्याला म्हणाले, "भाऊ, वहिनीक उबी करूया. अक्षर बरां आसा, सही बरी करतली."

मी दारातच उभी होते. नवरा म्हणाला, "ती हंयच आसा. तिकाच विचारा."

त्यांनी विचारलं नाही. नुसते माझ्याकडे बघून हसले. त्या हसण्याचा मला इतका राग आला की मी तिथल्या तिथे हो म्हटलं. अर्ध्या वॉर्डाला मी बाराखडी शिकवलेली, त्यामुळे निवडून येणं जड गेलं नाही. जड गेलं ते पुढचं.

आमचं गाव गोव्यात, धारगळच्या अंगाला, हमरस्त्याला लागून. बसथांब्याजवळ आजूबाजूच्या गावांतल्या बायका भाजी घेऊन बसतात. तांबडी भाजी, अळसांदे, भेंडे, उन्हाळ्यात कलिंगडं. पूर्वी त्यांच्या पाठीमागे काजूची बाग होती, झुडपं होती. मोपाचा विमानतळ झाला, रस्ता रुंद झाला आणि ते सगळं गेलं. पुरुषांचं त्यामुळे काही अडलं नाही, त्यांना कुठलीही भिंत पुरते. बायकांना मात्र आडोसाच राहिला नाही.

एप्रिलमधल्या एका दुपारी मी तिथे बसची वाट बघत होते. नेहमी मला अळसांदे देणारी इब्रामपूरची मावशी बसल्या जागी कलंडली. रिक्षात घालून तिला आरोग्य केंद्रात नेलं. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि सांगितलं की लघवीच्या जागेचा जुना संसर्ग आहे आणि अंगात पाणी नाही.

"उन्हात बसता, मग पाणी का पीत नाही?" त्यांनी विचारलं.

मावशी माझ्याकडे बघून म्हणाली, "पाणी पिलंय तर जातलंय खंय?"

पंचायतीच्या पुढच्याच बैठकीत मी विषय काढला. बसथांब्याजवळ बायकांसाठी शौचालय पाहिजे. सरपंच सभ्य माणूस. आवाज चढवत नाही, कुणाला नाही म्हणत नाही. तो म्हणाला, "बाई, पण बायकांनी कधी मागणी केली नाय."

"बायकांनी हमरस्त्यावर उभं राहून ह्याची मागणी करायची का?"

"तसां न्हय. बघूया."

हा 'बघूया' मी त्यानंतर किती वेळा ऐकला असेन! नाही म्हटलं तर माणूस भांडू तरी शकतो. 'बघूया' म्हटल्यावर काय करायचं? घरी जायचं आणि पुढच्या बैठकीला परत यायचं.

जागेवरून तर अंत पाहिला. देवळाच्या वाटेवर नको, देव पालखीतून तिथून जातो. शाळेच्या कुंपणाजवळ नको, मुलांवर काय संस्कार होणार? बारच्या बाजूला म्हटलं तर बारवाल्याने निरोप पाठवला, गिऱ्हाइकांना वास येईल. त्याची गिऱ्हाइकं संध्याकाळी कुठे उभी राहतात ते सगळ्या गावाला माहीत होतं. मी बैठकीत तसं म्हटलं. सगळे हसले आणि विषय पुढच्या बैठकीवर गेला.

पंचायतीत माझ्याशिवाय आणखी एकच बाई पंच, म्हणजे सदस्य, होती, माझ्याहून बरीच लहान. तिच्या कदेलीवर, म्हणजे खुर्चीवर, तिचा नवरा बसायचा आणि ती मागे खिडकीकडच्या बाकावर. सगळे त्यालाच 'पंच' म्हणून हाक मारत. एकदा मी सचिवांना मुद्दाम मोठ्याने विचारलं, "बैठकीत पंचांशिवाय बाहेरच्या माणसांना बसता येतं का?" सचिव कागदांत डोकं घालून बसले. त्या बैठकीत काही झालं नाही, पण पुढच्या वेळी दोन कदेली शेजारी शेजारी आल्या. एकीवर ती, दुसरीवर तो. तो कानात सांगायचा, ती हात वर करायची. ही सुधारणा म्हणायची की काय, मला कळेना. वाटेत भेटली की ती खाली मान घालून जायची. मला वाटलं, माझ्यामुळे हिला घरी ऐकून घ्यावं लागलं असेल.

अखेर भाजीवाल्यांच्या पाठीमागे पंचायतीचीच जागा निघाली. ती तिथे पहिल्यापासून होती. शौचालय बांधून झालं. छान फरशा, निळा रंग, दारावर अंबाड्यात फूल माळलेल्या बाईचं चित्र. आणि दाराला कुलूप.

"आमदारांची तारीख मेळूक नाय," सरपंच म्हणाला. "उद्घाटन झाल्याबिगर उघडूचां कसां?"

पाऊस सुरू झाला, संपला, गणपतीची चवथ होऊन गेली. कुलूप तसंच. पुढे पायऱ्यांवर पत्र्याचं छप्पर होतं, म्हणून भाजीवाल्या तिथेच बसू लागल्या. बंद शौचालयाला पाठ टेकून बायका भाजी विकत होत्या आणि पाणी पीत नव्हत्या. मी येता-जाता ते बघायची आणि माझं डोकं फिरायचं. ग्रामसभेत बोलले तर एक गृहस्थ म्हणाले, "बाई, इतकी वर्षं कळ काढलीत, आणखी थोडी काढा." कळ काढणारा तो नव्हता, मीही नव्हते.

त्यानंतरच्या बैठकीत मी गप्प बसले होते. खरं तर मी कंटाळले होते. सचिव रस्त्याच्या दिव्यांचा विषय वाचत होते, तेवढ्यात ती दुसरी पंच उभी राहिली. नवरा तिच्या कानाशी काही सांगायला वळला होता, तो तसाच राहिला.

"त्या शौचालयाची चावी खंय आसा?" तिने विचारलं.

सरपंच म्हणाला, "आसा हंयच. पण तारीख..."

"काल माझां चेडू शाळेतल्यान येताना थंय उतरलां. वाटेत तेची पाळी सुरू झाली. पयलीच. त्या कुलपाफुडे उबां ऱ्हवान रडलां. भाजीवाल्या मावशीन आपल्या कापडाचो पदर फाडून दिलो."

तिचा नवरा हळू आवाजात म्हणाला, "ही गोष्ट हंय सांगूची?"

"मगे खंय सांगू? घरी तुमी आयकूक नाय."

सरपंचाने खण उघडला आणि चावी मेजावर ठेवली. तिने ती उचलली आणि बैठक अर्धी टाकून बाहेर पडली. मीही मागोमाग गेले. तिने चावी माझ्याकडे दिली, कुलूप मी उघडलं. दार उघडलं. आत सगळं नवं कोरं होतं. नळ सोडला, पाणी नव्हतं. टाकीला जोडणीच दिलेली नव्हती.

मला त्या पायरीवर बसून रडावंसं वाटलं. ती मात्र थांब्यालगतच्या त्याच बारमध्ये गेली, मालकाशी बोलली आणि त्याच्या मागच्या नळाला रबरी पाइप लावून घेऊन आली. तिने त्याला काय सांगितलं ते मी अजून विचारलेलं नाही. पंचायतीची जोडणी यायला पुढे बरेच आठवडे गेले. तोवर तो पाइप चालला.

मग आमदारांची तारीख मिळाली. सकाळपासून शौचालय पुन्हा बंद, कारण फोटोत स्वच्छ दिसायला पाहिजे. भाजीवाल्यांना त्या दिवशी रस्त्यापलीकडे बसायला सांगितलं, उन्हात. रोज वापरातल्या दाराला लाल फीत बांधली. सरपंच आम्हा दोघींकडे येऊन म्हणाला, "तुमी दोगी कात्रीचां तबक धरा. बायकांचो कार्यक्रम, बरां दिसतलां."

मी काही बोलायच्या आत ती म्हणाली, "आमी पंच आसंव. आमी फुडे उबी ऱ्हवतलंव. तबक हेंच्याकडे द्या." आणि तिने नवऱ्याकडे बोट दाखवलं.

त्याने धरलं. आमदारांचं भाषण लांबलं, स्त्रीशक्तीवर, आणि तो माणूस घाम पुसायलाही हात मोकळा नसल्यामुळे तसाच उभा राहिला. मला त्याची दया आली नाही, असं म्हणणं खोटं होईल. थोडी आली.

आता शौचालय उघडं असतं. साफसफाईला एक बाई नेमली आहे. तिचा पगार वेळेवर व्हावा म्हणून आम्हा दोघींना दर बैठकीला विषय काढावा लागतो. रविवारी पर्यटकांच्या गाड्या थांबतात आणि पुरुष सरळ आत घुसतात, कारण त्यांच्यासाठी वेगळं बांधलेलं नाही. परवा एक पंच म्हणाला, पुरुषांवर अन्याय होतोय, त्यांच्यासाठी तातडीने बांधायला हवं. ठराव त्याच बैठकीत मंजूर झाला. जागाही लगेच मिळाली.