विषय : कडुनिंब न तोडण्याबाबत

निवेदनकाकांचा फलक वाचून होईपर्यंत मोर्चा पुढच्या चौकात पोचलेला असे. बाकीच्यांच्या हातात दोन-तीन शब्द. काकांच्या फलकावर मात्र वर ‘विषय’, खाली ‘संदर्भ’, मग ‘सविनय निवेदन है कि’ आणि तळाशी प्रती कुणाकुणाला, तेही. पस्तीस वर्षं केंद्र सरकारात टिपणं लिहिलेला माणूस. निवृत्त झाला म्हणून हाताची सवय थोडीच जाते?

नोकरीत असताना ते मोर्च्याच्या रस्त्यानं बसदेखील पकडत नसत. निवृत्तीनंतर मात्र मोर्चा कुणाचाही असो, डबा घेऊन, जुन्या चपला घालून काका हजर. “नव्या घालू नयेत, एकच घरी परत येते,” हा त्यांचा अनुभव. घोषणेत आवाज चढला की शेजारच्या हवालदाराला हळूच म्हणत, “आप बुरा मत मानना.”

दिल्लीच्या सरोजिनी नगरातल्या सरकारी क्वार्टर्समध्ये मी त्यांचा शेजारी. सरकारी नोकर असल्यामुळे मी कायम पलीकडच्या फुटपाथवर. “बघ लांबूनच. पेन्शन सुरू झाली की ये,” असं ते मला चिडवत.

मग आमचीच क्वार्टर्स पाडायची ठरली. लेकही सरकारी नोकरीत, म्हणून काकांची क्वार्टर आता तिच्या नावावर होती आणि तिनं द्वारकेत फ्लॅटही घेतला होता, त्यामुळे घराचं त्यांना काही नव्हतं. पण दारातला कडुनिंब जाणार म्हटल्यावर त्यांची झोप उडाली. आजारी सुमनकाकूंनी शेवटचं वर्ष त्याच सावलीत खुर्ची टाकून काढलं होतं.

काकांनी फलक रंगवला. कॉलनीतली पोरं म्हणाली, “अंकल, इतना लंबा कौन पढ़ेगा?”

“जिसको काटना है, वो पढ़ेगा.”

आणि खरंच, माणसं घेऊन आलेल्या तरुण अधिकाऱ्यानं तो अथपासून इतिपर्यंत वाचला. म्हणाला, “सर, ड्राफ्ट बिल्कुल सही है. पर ऑर्डर आ चुका है.”

काका आयुष्यात पहिल्यांदा मसुदा न करता बोलले, तेही मराठीत. “अहो, तिथं सुमन बसते.”

पलीकडच्या फुटपाथवरून ते मला एकट्यालाच कळलं. नोकरीचे नियम मला तोंडपाठ होते; तरी मी रस्ता ओलांडला आणि फलकाची दुसरी कड धरली.

झाड तासाभरात आडवं झालं. त्यानंतरही बराच वेळ आम्ही दोघं तो फलक धरून उभे होतो.