अर्ध्याच वेण्या झाल्या आणि मी उठले

मैत्रिणींनो, दुपारपासून डोकं भणभणतंय, म्हणून इथेच लिहिते.

माझे केस तुम्हाला माहीत आहेत. आम्ही मुरूडचे सिद्दी, शेकडो वर्षांपूर्वी आफ्रिकेतून आलेले. इथे आखातात, रुवैसच्या पार्लरमध्ये माझ्या केसांत कंगवे मोडतात. म्हणून आज बसनं पार मोहम्मद बिन झायद सिटीत गेले, ग्रेस नावाच्या एका केनियन बाईकडे.

तिचा हात इतका हलका, की मला डुलकीच लागत होती. अर्ध्या डोक्यावर बारीक वेण्या झाल्या आणि तिनं विचारलं, "सिस्टर, कुठली तू?"

"इंडिया."

ती हसली. "नाही गं, खरं सांग."

माझं टाळकंच सरकलं. मुंबई एअरपोर्टवर हेच, ऑफिसात हेच! मोबाइलमधला पासपोर्टचा फोटो तिच्या नाकासमोर धरला. "वाच! इंडियन!"

तिचे हात थांबले. "आमची, आफ्रिकेची म्हणवून घ्यायची लाज वाटते?"

मी ताडकन उठले. समोर आरसा. अर्ध्या डोक्यावर वेण्या, अर्धं पिंजारलेलं. मुकाट्यानं परत बसले.

पुढचा तासभर ती उरलेल्या वेण्या घालत राहिली. हात मात्र तिचा तेवढाच हलका. शेवटी "खलास" म्हणाली, बस्स.

परतीच्या बसमध्ये लक्षात आलं. आजवर सगळे विचारायचे ते 'तू आमची नाहीस' हे दाखवायला. आज पहिल्यांदा कुणीतरी 'तू आमचीच ना?' म्हणून विचारलं, आणि मी नेमकी तिच्यावरच खेकसले.

वेण्या महिनाभर टिकतील. मग पुन्हा त्याच खुर्चीत बसायचंय. तुम्ही असतात तर पहिलं वाक्य काय बोलला असतात?