पिको-फॉलची मशीन

"ही पोरगी काय बोलते, साहेब. दुकानात नाव विचारलं तरी मायच्या मागे लपे."

जागेचे मालक आपल्या वकिलांना सांगत होते. मी कोर्टाबाहेरच्या त्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले होते. त्यात खोटं काही नव्हतं, म्हणून रागही आला नाही.

सदर भागात त्यांच्या गाळ्यात आईचं पिको-फॉलचं दुकान होतं. मी नववीत असताना मीटरच्या डब्यातून आग लागली. शेजाऱ्यांनी हाताला लागेल ते रस्त्यावर आणलं आणि मालकांनी ते सांभाळायला म्हणून आपल्या गोदामात नेलं. पुढे साड्यांची गाठोडी परत आली, इस्त्री आली, तडकलेला आरसासुद्धा आला. मशीन आली नाही. ती आतच जळली, असं मालकांचं म्हणणं. तेव्हापासून आई दुसऱ्याच्या दुकानात, दुसऱ्याच्या मशीनवर बसते आणि मालकांवर लावलेल्या दाव्याची एकही तारीख चुकवत नाही. तिला तीच मशीन हवी आहे. नुसत्या आवाजावरून तिला त्या मशीनचं दुखणं कळायचं.

'मशीन रस्त्यावर पाहिली', एवढंच मी प्रतिज्ञापत्रात लिहिलं होतं. आमच्या वकीलबाईंनी खोदून खोदून विचारलं, पण मी त्यापुढे सरकले नाही. कारण होतं शनिवारच्या गणवेशाचा पांढरा स्कर्ट. आगीच्या दिवशी त्यावर मागे लाल डाग पाहून समोरच्या बांगडीवाल्या काकूंनी काही न विचारता माझ्या कमरेला ओढणी बांधली आणि हळूच म्हणाल्या, "घरी जाय वं." मी गेले. स्कर्ट आईला न दाखवता फेकून दिला. काकूंचा गैरसमज दूर करायचा तर त्या विषयावर तोंड उघडावं लागलं असतं. त्यापेक्षा ओढणी सोपी होती.

कोर्टात मी इंग्रजीत बोलावं, असं घरात सगळ्यांचं मत. कॉन्व्हेंटमध्ये घातलं ते कशासाठी? मी दोन वाक्यं पाठही केली होती.

मी साक्षीला उभी राहिल्यावर मालकांच्या वकिलांनी अगदी मायेनं विचारलं की, एवढा धूर, एवढी गर्दी, त्यात पाण्याचे फवारे, मग इतक्या दुरून ती मशीन आईचीच हे मी ओळखलं कसं? मागे मालक खोकल्यासारखं हसले. आई रुमालाची घडी मोडत होती, पुन्हा घालत होती. पाठ केलेली दोन्ही वाक्यं कुठे गेली कोण जाणे.

"दूर नव्हती मी," मी म्हणाले. "रस्त्यावर मशीनच्या टेबलावरच बसली होती. आईनं दसऱ्याले पुजली होती ती. कुंकू पाण्यानं ओलं झालं अन् माझ्या पांढऱ्या स्कर्टले मागून लागलं."