कागदी व्हॅनची खरी किल्ली

मलेशियातल्या तैपिंगच्या बाजारात टेक बेंगच्या दुकानावरून जाताना काही प्रतिष्ठित माणसं उगीचच छत्री चेहऱ्यापुढे धरायची. दुकान म्हणजे काय, तर कापडवाल्याच्या पडवीत भिंतीला टेकवलेलं काचेचं कपाट, किल्ल्या कापायचं मशीन आणि दोन प्लास्टिकची स्टुलं. पण गावातल्या निम्म्या कुलुपांची बिंगं त्या कपाटात टांगलेली. कुठल्या सुनेने सासूच्या कपाटाची दुसरी किल्ली करून नेली, कुठल्या सोनाराने शेजारच्या कामुंटिंगमधल्या कुणाच्या घराची किल्ली करून घेतली आणि ती मोज्यात लपवून घरी नेली, हे सगळं टेक बेंगला ठाऊक होतं. तो कुणाला सांगायचा नाही. घरी बायकोला तेवढं सांगायचा. पुढचं काम स्वी लियान चोख करायची.

अंगापिंडाने माणूस किरकोळ, एक डोळा जरासा तिरका. लोक म्हणायचे, त्या तिरक्या डोळ्यानेच त्याला कुलपाच्या आतलं दिसतं. गाड्यांच्या किल्ल्या ही त्याची खासियत. जुन्या गाडीची किल्ली म्हणजे नुसतं दातेरी पातं. एका चापात जुनी धरायची, दुसऱ्या चापात कोरी, चाक फिरलं, पितळेचा भुगा उडाला, कानशीचे दोन हात मारले की झालं. गिऱ्हाइकाची कॉफी संपायच्या आत किल्ली हातात. मूळची किल्ली हरवलेली असली तरी अडायचं नाही. कोरी किल्ली कुलपात घालून हलवायची, पात्यावर कुठे ओरखडे उठले ते पाहायचं आणि तिथे कानस चालवायची.

मग चिपवाल्या किल्ल्या आल्या आणि टेक बेंगची झोप उडाली. शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंच्या गाडीची त्याने किल्ली केली. कुलपात अगदी अलगद फिरली. इंजिन एकदा खोकलं आणि गप्प बसलं. स्टिअरिंगमागे किल्लीच्या आकाराचा एक लाल दिवा डोळे मिचकावत राहिला. बाई म्हणाल्या, अंकल, चष्म्याचा नंबर तपासून घ्या. त्याला तेव्हा चष्मासुद्धा नव्हता. पुढे कळलं की किल्लीच्या प्लास्टिकच्या डोक्यात तांदळाएवढी काच असते, ती गाडीला आपली ओळख सांगते, आणि ओळख पटली नाही तर दाते कितीही जुळोत, गाडी सुरू होत नाही. मग डब्याएवढं एक यंत्र आणावं लागलं, ते गाडीला जोडून नवी ओळख शिकवावी लागली. त्यानंतर बटणवाल्या आल्या, मग पातंच नसलेल्या, नुसत्या खिशात ठेवायच्या. टेक बेंग म्हणायचा, आता हिला किल्ली कशाला म्हणायचं?

दुकानातलं दुसरं स्टूल चिन हुआटचं. गावातला सगळ्यात हट्टी लाक्सावाला. खरं म्हणजे लाक्सा, तो माशाच्या आंबट-तिखट रश्शातल्या शेवयांचा, करायची त्याची बायको ग्योक चू. हा नुसती व्हॅन चालवायचा आणि गिऱ्हाइकांशी भांडायचा. कामुंटिंगच्या बाजारात सकाळभर विकून झालं, भांडी धुतली, की दुपारी स्वारी टेक बेंगकडे हजर. कितीतरी वर्षं हा नेम. व्हॅन त्याने जुनी घेतलेली, चिपवाली, आणि तिच्यासोबत आली ती एकच किल्ली. टेक बेंग सांगून सांगून थकला होता.

"एक हातात आहे तोवर दुसरी करून घे. पहिली समोर असली की व्हॅन दुसरीलाही मुकाट ओळखते. एकही उरली नाही तर मग भलतंच लफडं होतं."

"धंदा बसलाय म्हणून मला कापतोस होय?" चिन हुआट म्हणायचा. "एक व्हॅन, एक बायको, एक किल्ली. दुसरीची हौस तुझ्या त्या सोनाराला."

असा हा चिन हुआट एका सकाळी न्हाव्याच्या खुर्चीत, अर्धी दाढी झालेली असताना गेला. न्हाव्याला वाटलं डोळा लागला, म्हणून त्याने उरलेली अर्धीही करून टाकली. गुळगुळीत चेहऱ्याने गेला हो, असं स्वी लियान पुढे बरेच दिवस सगळ्यांना सांगत होती.

अंत्यविधीला रिवाजाप्रमाणे, जाळून मेलेल्याला वर वापरायला पाठवायचं म्हणून, कागदाचं घर आलं, कागदाचे नोकर आले, कागदाचा टीव्ही आला. व्हॅन मात्र ग्योक चूने मुद्दाम सांगून करवून घेतली. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, वर पांढरा कागद, नंबरसुद्धा खऱ्या व्हॅनचाच. कागदवाल्याने आत एक कागदी ड्रायव्हर बसवला होता, तो तिने खाली उतरवला. आपल्या व्हॅनला दुसऱ्याने हात लावलेला नवऱ्याला कधी खपला नव्हता. वर गेल्या गेल्या भांडण नको.

मग आल्या थोरल्या नणंदबाई, किम लूआन. ऐंशीला टेकलेल्या, पण घरातलं एकही कार्य त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय पार पडत नसे. त्यांनी कागदी व्हॅनला एक फेरी मारली, खिडकीतून आत डोकावल्या, आणि त्यांच्या लक्षात आलं की हिला किल्लीच नाही. भाऊ चालवणार कशी? विचारायची सोय नव्हती, भिक्षूंचं पठण चाललेलं. त्या घरात गेल्या, देव्हाऱ्याशेजारच्या खिळ्यावरची किल्ली काढली आणि कागदी स्टिअरिंगखाली नीट खोचून ठेवली. घरात दुसरी असेलच, असं त्यांनी धरून चाललं. कुणाच्या घरात नसते?

संध्याकाळी सगळं पेटवलं. कागद भसकन उडाला, आणि मग एक उग्र वास सुटला. माणसं नाकाला रुमाल लावून एकमेकांकडे संशयाने बघायला लागली. टेक बेंगला वास ओळखीचा वाटला. त्याने वाकून पाहिलं, तर निखाऱ्यांत एक पातं लाल होऊन पडलेलं, भोवती काळं प्लास्टिक उकळतंय. मेलेल्याला दिलेलं जाळातून परत काढायचं नसतं. आणि काढून तरी काय करणार होता? आतली काच केव्हाच फुटली होती. तो हात बांधून बघत राहिला.

आठवडाभराने ग्योक चूचा निरोप आला. व्हॅन घरासमोर रांबुतानच्या झाडाखाली उभी होती. मोठी पातेली, शेगडी सगळं आतच अडकलेलं.

"भावजी, लाक्सा लावायला सुरुवात करायची म्हणते. हातपाय हलवले नाहीत तर डोकं फिरेल माझं," ती म्हणाली. गाडी तिला येत होती, नवऱ्याने कधी चालवू दिली नव्हती एवढंच.

टेक बेंगने तारेने दार उघडलं, कुलूप चाचपून नवं पातं कापलं, यंत्र जोडलं. इथवर सगळं ठीक चाललं होतं. पण हाताने काम करता करता तोंडाने सांगत राहायची त्याला खोड. तो म्हणाला, "मूळची समोर नसली की जुनी पुसल्याशिवाय व्हॅन नवी घेत नाही. आता हिला जुनी किल्ली विसरायला लावतो, मग ही नवी शिकवतो."

"जुनी म्हणजे ह्यांची?"

"हो."

"मग ह्यांच्या किल्लीने सुरू नाही होणार?"

"वहिनी, ती किल्ली जळाली."

"जळाली म्हणूनच तर त्यांच्याजवळ आहे."

टेक बेंगचं बोट बटणावर तसंच राहिलं. त्याने समजावून पाहिलं की वरची व्हॅन वेगळी, ही वेगळी. ग्योक चू म्हणाली, नंबर तर एकच आहे. मग त्याने विचारलं, नाहीतर काय करू? ती म्हणाली, "ते तुम्ही बघा. एवढी वर्षं किल्ल्या करताय. पण मी बाजारात जावं म्हणून ह्यांना रस्त्यावर उभं करू नका." आणि ती आत निघून गेली.

त्याने यंत्र गुंडाळलं आणि तो घरी आला. सगळ्यांत मोठी चूक म्हणजे त्याने हे स्वी लियानला सांगितलं. दुसऱ्या दिवशी नूडलवाल्यापासून कोळणीपर्यंत जो तो त्याला सल्ला द्यायला लागला. कुणी म्हणे, गुपचूप करून टाक आणि नाही पुसली म्हणून सांग. पण सगळ्या बाजाराला ठाऊक झालेली गोष्ट गुपचूप करणार कशी? तिकडे ग्योक चूच्या मुलाने, बून हावने, क्वालालंपूरहून गाडीच्या कंपनीला फोन लावला. ते म्हणाले, आम्ही तर गाडीचा अख्खा मेंदूच बदलतो. म्हणजे त्यातही बापाची किल्ली बाद. टेक बेंगने पिनांगच्या एका जुन्या सहकाऱ्याला विचारलं, तर तो पोट धरून हसला. म्हणाला, मेलेल्याची किल्ली चालू ठेवायचं बटण अजून निघालं नाही, निघालं की कळवतो.

ग्योक चू मात्र कामाला लागली होती. शेजाऱ्याच्या मोटारसायकलवर मागे बसून, मांडीवर रश्शाचं पातेलं धरून ती बाजारात जायची. निम्मा रस्सा रस्त्यात सांडायचा, गुडघे भाजायचे. टेक बेंग पडवीतून तिला जाताना बघायचा आणि कपाटाची काच पुसत राहायचा. दुसऱ्या स्टुलावर आता तो हत्यारांची पिशवी ठेवायला लागला होता. त्याची खरी अडचण अशी होती की ग्योक चूचं म्हणणं त्यालाही पटायला लागलं होतं. चिन हुआट वर कुठेतरी व्हॅनमध्ये बसलाय, किल्ली फिरवतोय, आणि तो लाल दिवा त्याच्याकडे बघून डोळे मिचकावतोय, हे त्याला दुकानात बसल्या बसल्या दिसायचं. आणि शिव्या कुणाला घालतोय, तेही ऐकू यायचं.

शेवटी तोड काढली ती जिने घोळ घातला तिनेच. किम लूआन भावजयीकडे आल्या होत्या. भाजलेल्या गुडघ्यांवर मलम लावता लावता त्या पुटपुटल्या, "एवढं सगळं कशाला? जुनी बाद होतेय तर त्यालाही एक नवी करून पाठवा."

टेक बेंग समोरच बसला होता. जन्मभर माणसांना दोन-दोन किल्ल्या करून दिल्या, आणि हे सुचलं नव्हतं. त्याने सांगितलं की व्हॅन एकाच वेळी दोन नव्या किल्ल्या शिकू शकते. एक वहिनींना, एक जाळायची. 

ग्योक चूने विचारलं, "पुसल्यापासून ती नवी त्यांना मिळेपर्यंत मध्ये वेळ जाईल ना? तेवढ्यात ते रस्त्यात असले तर?"

टेक बेंगने या प्रश्नाचा नीट विचार केला. "चालू असलेलं इंजिन बंद पडत नाही, वहिनी. एकदा बंद केलं तरच पुन्हा सुरू होणार नाही."

"म्हणजे त्यांनी बंद केली नाही तर झालं."

"झालं."

ती उठली. फोटोसमोर उदबत्ती लावली आणि जेवायला हाक मारावी तशा आवाजात म्हणाली, "अहो, ऐकलंत का? बेंगभावजी काम करतायत. दुपारपर्यंत व्हॅन कुठे थांबवली तरी बंद करू नका. नंतर नवी किल्ली येतेय." थोडं थांबून तिने आणखी सांगितलं, "आणि त्यांना शिव्या देऊ नका."

टेक बेंग झाडाखाली व्हॅनमध्ये जाऊन बसला. यंत्राने विचारलं, सगळ्या किल्ल्या पुसायच्या? जन्मात असंख्य वेळा त्याने हो म्हटलं होतं. आज त्याने खिडकीतून ग्योक चूकडे पाहिलं, तिने मान हलवली, तरी बोट उचलेना. मग त्याने डोळे मिटून बटण दाबलं. पडद्यावर किल्ल्यांच्या जागी शून्य आलं. या जातीच्या गाड्या पुसल्यावर काही वेळ तशाच थांबवून ठेवतात, चोराला घाई असते म्हणून. तोवर करण्यासारखं काही नसतं. टेक बेंग त्या शून्याकडे बघत बसून राहिला. व्हॅन आता ना खालच्यांची होती ना वरच्याची. घामाने त्याचा सदरा सीटला चिकटला.

अखेर व्हॅनने एक किल्ली ओळखली, मग दुसरी. इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. ते तसंच चालू ठेवून तो खाली उतरला. दुसरी किल्ली त्याने ग्योक चूला दिली. तिने ती कागदाच्या पाकिटात घातली, वर नवऱ्याचं नाव घातलं, आणि पत्र्याच्या डब्यातल्या जाळात सोडली. पुन्हा तोच वास सुटला. या वेळी कुणी नाकाला रुमाल लावला नाही.

जाळ खाली बसल्यावर किम लूआनने कमरेच्या पिशवीतून दोन नाणी काढली. "पोचली का, विचारून घेऊ. एक उलटं, एक सुलटं पडलं तर पोचली. दोन्ही सारखी पडली तर नाही."

ग्योक चूने त्यांची मूठ धरली. "नको, वन्सं."

"अगं, कळायला नको?"

"नाही म्हणाले तर आपण काय करणार आहोत?"

किम लूआनने टेक बेंगकडे पाहिलं. टेक बेंगने डब्यात पाहिलं. राखेत पातं काळं पडून निवत होतं. नाणी पिशवीत परत गेली.

झाडाखाली व्हॅन धडधडत उभी होती, आत कुणी नव्हतं. पेट्रोल फुकट जळतंय, हे तिघांनाही कळत होतं. पण ती बंद करायला कुणीच उठेना.